जुनी बोट घेताना: फूट मोजू नका, तळ पाहा

प्रश्न (रेवदंडा): १८ फुटी डीप-व्ही (इंग्रजी V सारख्या खोल तळाची बोट), ९० अश्वशक्तीचं एक आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून लावलेलं इंजिन), किंवा २२ फुटी कॅटामरान (शेजारी-शेजारी दोन तळांची बोट), ६०ची दोन. किंमत जवळपास सारखीच. घरची पाच-सहा माणसं, अधूनमधून गळ टाकणं. कुठली घ्यावी?

परतीच्या वेळी समुद्र कसा असेल आणि बोटीत वजन किती असेल, एवढं आधी ठरवा. उन्हाळ्यात दुपारनंतर वायव्येचा वारा वाढतो, आखूड आणि उभ्या लाटा उठतात. डीप-व्हीच्या तळाला अगदी मागेही २० ते २४ अंशांचा उतार असतो, त्यामुळे ती लाट कापत जाते. थांबली की मात्र डोलते, आणि सगळे एका बाजूला गळ टाकायला सरकले की कलते.

कॅटामरान उभी असताना स्थिर. तिची खोड वेगळी: भार जास्त झाला की दोन तळांमधला बोगदा पाण्याजवळ येतो आणि समोरच्या लाटेवर धाडकन आपटतो. म्हणून चाचणी सकाळच्या सपाट पाण्यात नको. दुपारी, सहा माणसं आणि भरलेली टाकी घेऊन, वाऱ्याच्या तोंडावर घ्या.

पूर्ण वेगात पेट्रोल ढोबळमानाने दर अश्वशक्तीला तासाला पाव ते तिसरा हिस्सा लिटर. म्हणजे ९०ला तीस लिटरपर्यंत, दोन ६०ना मिळून चाळीसपर्यंत. इम्पेलर (इंजिन थंड करणारं पाणी ओढणारी रबरी चक्री), प्लग, गिअर तेल, सगळं दुप्पट. एक बंद पडलं तर दुसऱ्यावर घरी येता, हे खरं. पण दोन्हींची टाकी एकच असेल तर पाणी मिसळलेलं पेट्रोल दोघांनाही थांबवतं.

सहा जण नेहमीचे असतील तर कॅटामरान घ्या. तिघेच जाणार असाल तर डीप-व्ही, डोळे झाकून. अर्थात ट्रान्सम (बोटीची मागची प्लायवुडची भिंत, जिच्यावर इंजिन बसतं) धड असेल तरच.

प्रश्न (मालवण): ट्रान्सम आतून कुजलाय हे रंगाखाली कसं कळणार?

प्लॅस्टिकच्या हातोडीने ठोकत जा. टणक आवाज ठीक. बद्द आवाज आला तर आत पाणी. इंजिन खाली सोडून त्याचा पाय (पाण्यात जाणारा खालचा दांडा) धरून वर-खाली हलवा. ट्रान्सम लवता कामा नये. तळाच्या बुचाजवळचा एक स्क्रू काढा. भोकातून तपकिरी पाणी किंवा भुसा आला तर प्लायवुड गेलं. पाणी बहुधा अशाच सील न केलेल्या भोकांतून शिरतं. दुरुस्ती म्हणजे इंजिन उतरवून आतला थर कापून नवं प्लाय बसवणं; वरून फायबर चढवून भागत नाही.

प्रश्न (पणजी): इंजिनचे तास कमी दाखवतायत. विश्वास ठेवावा?

मीटर बदलता येतो. इंजिन थंड असतानाच पोचा. मालकाने आधीच तापवून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी या. सगळे प्लग काढून, इग्निशन तोडून, थ्रॉटल पूर्ण उघडून कॉम्प्रेशन (प्रत्येक सिलिंडरमधला दाब) मोजा. सिलिंडरांत दहा टक्क्यांहून जास्त फरक असेल तर सौदा थांबवा. गिअर तेल दुधासारखं दिसलं तर सीलमधून पाणी शिरतंय. इंजिन थंड करून बाहेर पडणाऱ्या पाण्याची धार बारीक असेल तर इम्पेलर झिजलाय, किंवा आत मीठ साचलंय; दुसरं जास्त महागात जातं.

प्रश्न (मुरूड): २५ इंची ट्रान्समवर २० इंची पायाचं इंजिन स्वस्तात मिळतंय. चालेल?

नाही. पंखा फार वर राहून हवा ओढेल, लाटेत इंजिन नुसतं ओरडेल आणि बोट जागची हलणार नाही.