भाऊ व्हिजिट व्हिसावर शारजात अडकलाय, पगार नाही, पासपोर्ट मालकाकडे. नाशिकहून काय करता येईल?

ताई, तक्रार केली तर मलाच आत टाकतील म्हणून तुमचा भाऊ गप्प बसलाय असं तुम्ही लिहिलंय ना, एजंट लोकांचं दुकान त्याच भीतीवर चालतं. मी स्वतः भोगलंय म्हणून सांगतो.

मी सातपूरचा वेल्डर. २०१८ ला शालिमारजवळच्या एका गाळ्यातल्या एजंटने सव्वा लाख घेतले, म्हणाला आधी व्हिजिटवर जा, तिथे गेलं की कंपनी व्हिसा काढून देते. कसला व्हिसा अन् कसलं काय. एका खोलीत अकरा जण, आणि खाली रस्त्यावर गणवेशातला कोणी दिसला तरी पोटात गोळा यायचा, मी दूध आणायलासुद्धा खाली उतरायचो नाही. त्या वर्षी ऑगस्टपासून तिथल्या सरकारने माफी दिली, आम्ही अ‍ॅम्नेस्टी म्हणायचो, तेव्हा आउटपास, म्हणजे घरी परतण्यापुरता कागद, काढून दुबईतल्या अल अवीरच्या तंबूत रांग लावली आणि दंड न भरता सुटलो. दरवेळी अशी माफी नसते, म्हणून भावाला थांबू देऊ नका, व्हिसा संपला असेल तर रोजचे ५० दिरहम दंड चढतोय.

आता खरं घाबरायचं कोणी ते बघा. कामाचं परमिट नसलेला माणूस कामाला ठेवला तर यूएईत मालकाला २०२४ पासून १ लाख ते १० लाख दिरहम दंड आहे. पासपोर्ट तर भारत सरकारची मालमत्ता, तो दाबून ठेवायचा हक्क मालकाला तिथल्या कायद्यातही नाही. माणसं बेकायदा नेण्याविरुद्ध संयुक्त राष्ट्रांचा २००० चा करार आहे, भारत त्यात २०११ पासून आहे, त्यात स्पष्ट लिहिलंय की नुसतं नेलं गेलं म्हणून त्या माणसावर खटला नाही, गुन्हेगार नेणारा. पण म्हणून ओव्हरस्टेचा, म्हणजे व्हिसा संपून राहिल्याचा, दंड आपोआप माफ होईल असं समजू नका हं.

भावाला तिथून ८०० ४६३४२ वर फोन करायला सांगा, आपल्या लोकांसाठीची टोल फ्री हेल्पलाइन आहे. तुम्ही इकडून परराष्ट्र मंत्रालयाच्या मदद पोर्टलवर तक्रार टाका, भारतातला नंबर १८०० ११ ३०९०.

एजंटचं नाव सरकारच्या ईमायग्रेट साइटवर शोधा, नोंदणी असलेले एजंट तिथे दिसतात. नोंदणी असलेल्यालाही ३०,००० रुपये अधिक जीएसटी इतकीच फी घेता येते, आणि नोंदणी नसेल तर १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली सरळ गुन्हा. मी पोलिसांकडे गेलो तेव्हा 'पैसे तुम्हीच दिले ना' असं ऐकवलं, तुम्हालाही ऐकवतील, तरी लेखी अर्ज देऊन पोच घ्याच. त्याची एक प्रत मुंबईला बीकेसीतल्या विदेश भवनात प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सकडे, म्हणजे परदेशी कामाला जाणाऱ्यांसाठीच्या सरकारी अधिकाऱ्याकडे, द्या, सकाळच्या पंचवटीने गेलात तर एका दिवसात होतं.

आणि रागाच्या भरात एजंटला आधी फोन करू नका. माझ्या वडिलांनी केला होता, संध्याकाळपर्यंत मालकाला कळलं आणि माझा मोबाइल काढून घेतला. आधी भावाकडून पासपोर्ट-व्हिसाचे फोटो, खोलीचं लोकेशन, मालकाचे पगाराबद्दलचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज, सगळं आज रात्रीच मागवून ठेवा.