‘ह्या वयात हे काय सुचलंय ह्यांना?’

हा प्रश्न घेऊन माझ्याकडे समुपदेशनाला बहुतेक वेळा बायको येते, नवरा नाही. बेळगावातल्या टिळकवाडीच्या या वहिनीही एकट्याच आल्या होत्या. नवऱ्याचं वय ५२, उद्यमबागेत कास्टिंगचं मशिनिंग करून देणारं छोटं वर्कशॉप. कॉलेजात असताना रॉक बँडचे लीड गिटारिस्ट. धारवाड, कोल्हापूर, गोवा, सगळीकडे वाजवलेलं. गेले आठ महिने रात्री दोनपर्यंत माडीवर ॲम्प्लिफायर लावून बसतात, शेजारी भांडायला येतात. मुलीच्या फीची एफडी मोडून नवी गिटार आणली. आता वर्कशॉप विकून गोव्यात पुन्हा बँड काढायचा म्हणतात. “मॅडम, मिडलाइफ क्रायसिस म्हणतात ते हेच काय?”

(ओळख पटेल असे तपशील बदललेत. लिहायला दोघांचीही संमती आहे.)

‘मिडलाइफ क्रायसिस’ हा शब्द एलियट जॅक्स या मनोविश्लेषकाच्या १९६५ च्या लेखातून पुढे आला. ते आजाराचं नाव नाही. मला त्याची एकच भीती वाटते: शिक्का बसला की त्या माणसाला पुढे कुणी काही विचारतच नाही.

तीन आठवड्यांनी ते आले. “ही मागं लागली म्हणून आलोय.” जुन्या कार्यक्रमांबद्दल भरभरून बोलले. मी काही विचारलं की मात्र मान वळवून डावा कान पुढे करायचे. तिसऱ्या भेटीत मी त्याबद्दलच विचारलं. बराच वेळ ते गप्प बसले.

दीड वर्षापासून कानात शिट्टी वाजत होती. रात्री घर शांत झालं की जास्तच. ती दाबायला ॲम्प्लिफायर. “गिटारवाल्याचा कान गेला तर राहिलं काय, मॅडम?” ऐकू येतंय तोवर वाजवून घ्यायचं, म्हणून ती एफडी, म्हणून गोव्याची घाई. हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

‘राहिलं काय’ हे शब्द मी सोडून देत नाही. जीव द्यावासा वाटतो का, असं सरळ विचारलं. असं विचारल्याने तो विचार डोक्यात भरतो, ही समजूत चुकीची आहे. त्यांच्या मनात तसं नव्हतं. असतं तर त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर तरीही दोघांना लिहून दिला. तिथे मराठीतूनही बोलता येतं.

मग कानाची तपासणी. ४००० हर्ट्झच्या, म्हणजे उंच आवाजांच्या, आसपास ऐकण्याचा आलेख खाली गेलेला, मोठ्या आवाजाने कान बिघडल्याची ही ओळखीची खूण. स्टेजचा आवाज होता, वर वर्कशॉपचाही. आतल्या कानातल्या, आवाज टिपणाऱ्या बारीक केसपेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. ८५ डेसिबलला आठ तास ही सुरक्षित मर्यादा धरली, तर दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला उरतात पंधरा मिनिटं. म्हणजे शिट्टी दाबायला लावलेला ॲम्प्लिफायरच कानाचं उरलंसुरलं खात होता. हे ऐकून ते रडले, आणि मी त्यांना रडू दिलं.

पुढचं काम साधं होतं: संगीतकारांसाठीचे इअरप्लग, वर्कशॉपमध्ये कानाला संरक्षण, झोपताना फॅनचा किंवा पावसाचा हलका आवाज. अवघड गेलं ते मुलीची माफी मागणं. “माझे पैसे घेतलास ते चालेल बाबा, पण सांगितलं का नाहीस?” असं ती म्हणाली, आणि ते तीनदा बोलता बोलता थांबले.

कुमार गंधर्वांचा विषय त्यांनीच काढला. वडील त्यांचे भक्त. कुमारांचं जन्मगाव सुळेभावी इथून जवळच. क्षयाने एक फुप्फुस निकामी झालं, काही वर्षं गाणं बंद, आणि नंतर त्याच श्वासाला पेलेल असं गाणं त्यांनी उभं केलं. “लहानपणी मला ते कंटाळवाणं वाटायचं,” एवढंच ते म्हणाले.

मागच्या महिन्यात वहिनी येऊन गेल्या. वर्कशॉप विकायचा विषय मिटलेला नाही, एफडीचा रागही आहे. माडीवर आता साधी लाकडी गिटार वाजते, साडेनऊला थांबते.

“शिट्टी आहेच म्हणतात,” त्या म्हणाल्या. “पण कुठल्या सुरात आहे, ते शोधून काढलंय त्यांनी.”