स्क्रिप्टमध्ये फाइली कॉपी करायला सीपी की आरसिंक? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या फोटो स्टुडिओतला डेटा रोज रात्री स्क्रिप्टने दुसऱ्या डिस्कवर जातो. सीपीला (लिनक्सची साधी कॉपीची कमांड) -यू दिलं की नव्या फाइलीच कॉपी होतात. मग आरसिंक (दोन फोल्डरं जुळवून ठेवणारी कॉपीची कमांड) कशाला?

उत्तर : कॉपी सुरळीत पार पडली तर फारसा फरक नाही. पण मध्येच वीज गेली तर? सीपी सुरुवातीपासून खऱ्या नावानेच लिहितं. लग्नाचा व्हिडिओ निम्मा लिहून झाला आणि मशीन बंद पडलं, की ती अर्धी फाइल डिस्कवर राहते आणि तिच्यावर वेळ असते आजची. -पी (मूळ वेळ जपणारा पर्याय) दिलेलं असलं तरी मूळ वेळ सगळ्यात शेवटी लागते. दुसऱ्या रात्री -यूला ही फाइल मूळ फाइलपेक्षा नवी दिसते, म्हणून तो ती सोडून देतो. एररही येत नाही. व्हिडिओ अर्धाच आहे हे कळतं ते थेट गिऱ्हाईक मागायला आल्यावर.

आरसिंक आधी तात्पुरत्या, लपवलेल्या फाइलीत लिहितं आणि काम पूर्ण झाल्यावरच तिला खरं नाव देतं. वेळेसोबत आकारही ताडून पाहतं. म्हणून समोर कुणी बसलेलं नसताना चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये मी आरसिंकच घालतो. -ए (वेळ वगैरे जपणारा पर्याय) मात्र द्याच. वेळ जपली नाही तर रोज सगळं नव्याने कॉपी होईल. डिस्क फॅट३२ या जुन्या फॉरमॅटची असेल तर तिथे वेळ २ सेकंदांच्या टप्प्याने नोंदली जाते, तेव्हा एका सेकंदाचा फरक चालवून घ्यायला --मॉडिफाय-विंडो=१ जोडा.

एक अपेक्षा मात्र ठेवू नका. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांचं आरसिंक १९९६ साली आलं ते बदललेला तुकडाच पाठवण्याच्या युक्तीमुळे गाजलं. ती युक्ती नेटवर्कसाठी आहे. एकाच मशीनच्या दोन डिस्कांमध्ये बदललेली फाइल अख्खीच जाते.

प्रश्न : आरसिंकला --डिलीट (स्रोतात नसलेलं बॅकअपमधून पुसणारा पर्याय) दिल्यावर बॅकअपमधली जुन्या वर्षांची फोल्डरं उडाली. काय चुकलं?

उत्तर : बहुधा स्लॅश. स्रोताच्या नावापुढे स्लॅश असेल तर आतला माल जातो, नसेल तर फोल्डर स्वतः जातं. तुम्ही 'फोटो/' थेट 'बॅकअप/'वर सोडलंत, तर 'फोटो'मध्ये नसलेलं सगळं आरसिंकने काढून टाकलं. त्याला तेच सांगितलं होतं. 'बॅकअप/फोटो/' असं स्वतंत्र ठिकाण द्या, आणि आधी -एन आणि -व्ही लावून (ही नुसती तालीम, प्रत्यक्षात काही पुसलं जात नाही) काय काय पुसलं जाईल ते वाचा.

याहून वाईट प्रसंग म्हणजे स्रोताची डिस्कच माउंट झालेली, म्हणजे सिस्टीमला जोडली गेलेली, नसते. रिकामं फोल्डर पाहून --डिलीट बॅकअपही रिकामा करतो. म्हणून कॉपीच्या आधी दोन्ही डिस्का जोडलेल्या आहेत का हे 'माउंटपॉइंट -क्यू' या कमांडने तपासा. दोन्हींपैकी एक जरी जोडलेली नसेल तर स्क्रिप्ट तिथेच थांबवा.

प्रश्न : फाइलींच्या नावांत स्पेस आहेत. सीपी 'नो सच फाइल' म्हणतं.

उत्तर : व्हेरिएबल डबल कोट्समध्ये घाला, नाहीतर शेल (कमांड वाचून चालवणारा प्रोग्रॅम) 'साखरपुडा अल्बम'चे दोन शब्द वेगळे करतो. नाव डॅशने सुरू होत असेल तर त्याआधी -- द्या.

प्रश्न : सर्व्हरवर एकच फाइल पाठवायला एससीपी (नेटवर्कवरून सुरक्षित कॉपी करणारी कमांड) चालेल का?

उत्तर : खुशाल. एससीपी ज्या ओपनएसएसएच संचात येतं त्याच्या ९.० आवृत्तीपासून, म्हणजे २०२२पासून, ते आतून एसएफटीपी ही फाइल पाठवण्याची नवी पद्धतच वापरतं.