पिंजऱ्यावर लिहिताना

तुझी बिबट्यावरची कविता दोनदा वाचली. तळमळ खरी आहे, पण 'गजाआडचे अश्रू', 'हरवलेलं स्वातंत्र्य' हे शब्द वापरून वापरून गुळगुळीत झालेत. ते काढ. ठाण्याहून लोकलने भायखळ्याला जा आणि राणीच्या बागेत एकाच प्राण्यासमोर तासभर थांब. येरझाऱ्या घालत असेल तर पावलं मोज, वळतो कुठे ते बघ. ज्या मांसाहारी प्राण्यांचा रानातला वावर मोठा, त्यांच्यात बंदिवासात ही येरझार जास्त दिसते, असं २००३ च्या एका अभ्यासात आढळलं होतं.

आमच्या शेजारच्या गॅलरीत पोपट होता. पिंजऱ्याची एकच तार त्याने चोचीने इतकी घासली होती, की रंग उडून लोखंड चकाकायचं. त्या तारेवरच्या चार ओळी लोकांना अजून आठवतात. माझ्या आधीच्या पानभर हळहळीतलं काहीच नाही. (देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. हे शेजाऱ्यांना सांगायला मी फार उशीर केला, ते अजून खुपतं.)

मग एका संध्याकाळी येऊरच्या पायथ्याशी उभा राहा. त्या डोंगरात बिबटे मोकळे हिंडतात. तिथलं एक कडवं लिहून आण. यमकाचं नंतर बघू.