विंडोजवर चाललं, आयफोनवर अडलं

या वेळी आलेल्या प्रश्नांपैकी बरेचसे सॉफ्टवेअरच्या परवान्यांचे होते. कोड लिहिताना परवाना कोणाला आठवत नाही. तो दुसऱ्याच्या हाती द्यायची वेळ आली की आठवतो, आणि हे ‘हाती देणं’ प्रत्येक प्लॅटफॉर्मवर वेगळं असतं. खालची उत्तरं वाचताना एवढं ध्यानात ठेवा.

प्रश्न : मी क्यूटी ही तयार कोडची लायब्ररी वापरून ऊस तोडणीच्या हिशोबाचं सॉफ्टवेअर बनवलं. सोर्स कोड बंद ठेवून विंडोजवर तीन वर्षं विकतोय. आता गिऱ्हाइकांना तेच अँड्रॉइडवर आणि आयफोनवर हवंय. एक मित्र म्हणतो बिनधास्त टाक, दुसरा म्हणतो कोर्टात जाशील. खरं काय?

दोघांनीही परवाना पूर्ण वाचलेला दिसत नाही. तुम्ही वापरता ती क्यूटी एलजीपीएल परवान्याखाली आहे असं धरतो. या परवान्याची मुख्य अट अशी : तुमचा कोड तुमच्याकडेच राहू दे, पण गिऱ्हाइकाला वाटलं तर क्यूटी काढून स्वतः बदललेली क्यूटी तिथे बसवता आली पाहिजे. विंडोजवर तुम्ही क्यूटीच्या डीएलएल फायली वेगळ्या देता, म्हणजे ही अट आपोआप पुरी होते. सोबत परवान्याची प्रत, क्यूटी वापरल्याचा उल्लेख आणि त्याच आवृत्तीचा सोर्स मिळण्याची सोय हवी. तुमच्या करारात ‘रिव्हर्स इंजिनिअरिंगला सक्त मनाई’ असं सरसकट वाक्य कुठून तरी उचलून घातलं असेल, तर तेही सैल करा. लायब्ररी, म्हणजे इथे क्यूटी, बदलून पाहण्यापुरती ती मुभा हा परवाना देतोच.

अँड्रॉइडवर फारसं बिघडत नाही. क्यूटी तिथेही वेगळ्या फायलींत राहते, आणि हौशी माणूस एपीके (अॅपची फाइल) उघडून, आतली फाइल बदलून, स्वतःच्या किल्लीने डिजिटल सही करून पुन्हा बसवू शकतो.

आयफोनवर गाडी अडते. क्यूटीचं आयफोनच्या आयओएससाठीचं तयार बिल्ड (वापरायला तयार केलेली प्रत) स्टॅटिक असतं, म्हणजे तुमचा कोड आणि क्यूटी एकाच फायलीत मिसळून जातात. मग गिऱ्हाइकाला पुन्हा जोडणी करता यावी म्हणून तुमच्या कोडच्या ऑब्जेक्ट फायली (यंत्राच्या भाषेत बदललेला, जोडणीआधीचा कोड) तरी द्याव्या लागतात. त्यात 2016 च्या 5.7 आवृत्तीपासून क्यूटीचा बहुतेक भाग एलजीपीएल 3 वर गेला, आणि तो घरगुती उपकरणांच्या बाबतीत बदललेली प्रत ‘बसवण्याची माहिती’ही मागतो. आयफोनवर सहीची किल्ली अॅपलच्या हातात. स्वतःच्या फोनवर फुकटच्या खात्याने सही करता येते, पण ती सात दिवस टिकते. एवढ्याने अट पुरी झाली का, यावर जाणकारांत एकमत नाही. माझं मत : ज्या धंद्यावर घर चालतं तो या वादावर उभा करू नका. आयफोनपुरता व्यावसायिक परवाना घ्या किंवा तिथला दर्शनी भाग दुसऱ्या साधनात लिहा. परवाना घेणार असाल, तर आधी फुकटच्या आवृत्तीवर लिहिलेला कोड त्याखाली चालेल का, हे क्यूटी कंपनीकडून लेखी घ्या.

हा बागुलबुवा नाही. व्हीएलसी हा प्लेअर जानेवारी 2011 मध्ये अॅप स्टोअरवरून उतरला, आणि तक्रार केली होती त्याच्याच एका लेखकाने! त्याचा परवाना जीपीएल होता (एलजीपीएलचा कडक भाऊ : त्याखालचा कोड घालून बनवलेलं सॉफ्टवेअर दुसऱ्याला दिलं तर सगळा सोर्सही द्यावा लागतो), आणि स्टोअरच्या अटी वापरणाऱ्यावर जी बंधनं घालत, ती घालायला जीपीएल मनाई करतो. प्लेअरच्या आतल्या मूळ लायब्ररीचा परवाना बदलण्यासाठी कोड लिहिणाऱ्यांची संमती एकेकाकडून गोळा करावी लागली. अॅप परतलं ते जुलै 2013 मध्ये.

जाता जाता, तुमच्या हिशोबात आलेख आहेत का? क्यूटी चार्ट्स हा भाग एलजीपीएलमध्ये नाही. तो जीपीएल किंवा व्यावसायिक, एवढाच. तो वापरत असाल तर तुमचं विंडोजचं सॉफ्टवेअरही आजच अडचणीत आहे.

प्रश्न : आमचं बिलिंग सॉफ्टवेअर जावात आहे. प्रत्येक दुकानात आम्ही ओरॅकलचा जावा टाकतो. त्याला आता पैसे लागतात म्हणे?

कोणता जावा टाकता त्यावर आहे. जावा 8 चं 8u202 (जानेवारी 2019) हे जुन्या फुकट अटींवरचं शेवटचं अपडेट. एप्रिल 2019 च्या 8u211 पासून धंद्यातल्या वापराला वर्गणी लागते. जानेवारी 2023 पासून ही वर्गणी कंपनीतल्या एकूण माणसांवर मोजतात, जावा एकानेच वापरला तरी. सप्टेंबर 2021 मध्ये जावा 17 पुन्हा फुकट आला खरा, पण सप्टेंबर 2024 नंतरच्या त्याच्या अद्ययावत आवृत्त्यांना ती मोकळीक नाही.

म्हणून 8u202 वरच बसून राहायचं? ते नको. 2019 नंतरच्या सुरक्षेच्या दुरुस्त्या त्यात नाहीत, आणि त्यावर निघणारी बिलं तुमच्या गिऱ्हाइकाची आहेत. ओपनजेडीके, म्हणजे जावाचा मुक्त अवतार, घ्या. टेमुरिन हे त्याचं तयार बिल्ड विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर मिळतं. त्याच्या जीपीएलला ‘क्लासपाथ’ सवलत जोडलेली आहे, त्यामुळे तुमचा कोड उघडा करावा लागत नाही. एकच तपासा : पडदे जावाएफएक्सचे आहेत का? ओरॅकलच्या जावा 8 मध्ये ते आत होतं, टेमुरिनमध्ये नाही. वेगळं घालावं लागेल, नाहीतर सोमवारी सकाळी सगळ्या दुकानांतून फोन येतील.

प्रश्न : विंडोजवर आमचं अॅप मंगल फॉन्टमध्ये छान दिसतं. तीच फाइल अँड्रॉइडच्या अॅपमध्ये घालू का?

नका. मंगल तुमच्या मशीनवर आहे तो विंडोजसोबत आलेला म्हणून. विंडोजवर तो वापरायची मुभा आहे, फाइल उचलून दुसरीकडे वाटायची नाही. ‘फुकटचं ते पौष्टिक’ इथे लागू होत नाही. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्त’ नावाचा फॉन्ट किंवा नोटो सान्स देवनागरी घ्या. दोन्ही ओपन फॉन्ट परवान्याखाली आहेत, विकाऊ अॅपमध्येही चालतात. परवान्याची फाइल सोबत ठेवायची आणि नुसता फॉन्ट वेगळा विकायचा नाही. शिवाय जोडाक्षरं मंगलपेक्षा देखणी दिसतील, हे माझं पदरचं.

प्रश्न : अॅप कोणाला देतच नाही, फक्त आमच्या सर्व्हरवर चालवतो. मग जीपीएलची चिंता नाही ना?

जीपीएलची नाही. एजीपीएलची आहे. त्या परवान्याखालचा कोड तुम्ही बदलला असेल, तर नेटवरून वापरणाऱ्यालाही बदललेला सोर्स द्यावा लागतो. नावातलं ते एक अक्षर बघा.

प्रश्न : मॅकचं बिल्ड काढण्यापुरतं विंडोजच्या पीसीवर व्हर्च्युअल मशीनमध्ये (संगणकातल्या आभासी संगणकात) मॅकओएस टाकलं तर?

तांत्रिकदृष्ट्या चालतं, पण परवान्यात बसत नाही. मॅकओएस अॅपलच्याच यंत्रावर चालवायचं, ही अट स्पष्ट आहे. मॅक असेल तर त्यावर डेव्हलपमेंट आणि चाचणीसाठी आणखी दोन प्रती व्हर्च्युअल मशीनमध्ये चालवता येतात. भाड्याने मॅक घेतलात तर तो निदान सलग 24 तासांसाठी घ्यावा लागतो. मी स्वतः एक जुना मॅक मिनी घेऊन टेबलाखाली ठेवलाय. महिन्यातून दोनदा चालू होतो.