चेकमधला ‘प्लॅन’, व्हाया मराठी

प्रश्न असा आला आहे : ‘पुढच्या महिन्यात नोकरीसाठी चेक प्रजासत्ताकातल्या ब्रनोला चाललोय. ऑफिसचं काम इंग्रजीत, पण बाहेर सगळं चेकमध्ये. प्लॅन, शेड्यूल, अपॉइंटमेंट, डेडलाइन, प्लॅनर या शब्दांना चेकमध्ये काय म्हणतात? एकास एक यादी मिळेल का?’

यादी देता येईल, पण ती पाठ करूनही तुमचं अडेल. मी ब्रनोत आठ वर्षं भाषांतराचं काम केलं. त्यातलं पहिलं दीड वर्ष प्रत्येक वाक्य आधी इंग्रजीत जुळवायचं आणि मग चेकमध्ये न्यायचं, यात गेलं. पुण्याहून कोल्हापूरला जायला मुंबईची गाडी पकडावी, तसा प्रकार. इंग्रजी ‘प्लॅन’ हा फार ऐसपैस शब्द आहे. घराचा नकाशा म्हणजे प्लॅन, रविवारी सिंहगडावर जायचं मनात आहे तोही प्लॅन, आणि सरकारनं छापलेलं जाडजूड बाडही प्लॅनच. मराठीत आपण आराखडा, बेत आणि योजना वेगवेगळे ठेवतो. चेक माणूसही ते वेगळेच ठेवतो. तेव्हा इंग्रजी बाजूला ठेवा आणि मराठीतून थेट निघा.

(उच्चारांबद्दल एवढंच : खाली लिहिलेला ज हा ‘जग’मधला, ‘जय’मधला नव्हे. आणि ख घशात घासून काढायचा.)

कागदावर आखलेल्या गोष्टीला ‘प्लान’ बिनधास्त वापरा. तो शब्द चेकमध्ये जर्मनमार्गे आलेला आहे. शहराचा विकास आराखडा म्हणजे ‘ऊजेमन्यी प्लान’. त्यातल्या ‘जेम्न्ये’चा अर्थ जमीन, आणि फारसीतून आपल्याकडे आलेली ‘जमीन’ तिची खरोखरच लांबची बहीण लागते. ब्रिटिशांची ‘प्लॅनिंग परमिशन’ मात्र शब्दशः नेऊ नका. चेक प्रजासत्ताकात जागेबाबतचा निर्णय वेगळा आणि बांधकामाचा परवाना वेगळा असायचा. जुलै 2024 पासून पूर्णपणे लागू झालेल्या नव्या बांधकाम कायद्यानं ते एकत्र केले, आणि त्याचं नाव ठेवलं ‘पोवोलेन्यी जाम्न्येरू’. ‘जाम्न्येर’ म्हणजे हेतू, संकल्प. संकल्पाला परवानगी! आपल्या नगररचना खात्याला हे सुचलं नसतं.

पंचवार्षिक योजनेला ‘प्येत्यिलेत्का’ म्हणतात. चेकोस्लोव्हाकियाची पहिली 1949 ते 1953, तिच्याआधी 1947-48 ची ‘द्वोउलेत्का’, म्हणजे दोन वर्षांची. आपली पहिली 1951 ला सुरू झाली. ‘प्येत’ आणि पाच, ‘द्वा’ आणि दोन ही नाती कानालाच कळतात. पदवीला पाच वर्षं लावणाऱ्याला आपण ‘पंचवार्षिक योजना राबवली’ म्हणतो, हे मी एका सहकाऱ्याला समजावून सांगितलं तेव्हा तो इतका हसला की पुढे प्रत्येक रखडलेल्या कामाला तेच नाव पडलं.

शेड्यूलला एक शब्द नाही. शाळा-कॉलेजचं वेळापत्रक ‘रोजवर्ख’, रेल्वेचं ‘यीज्दन्यी र्झात’, म्हणजे धावण्याचा क्रम, आणि प्रकल्पाचा टप्प्याटप्प्यांचा तक्ता ‘हार्मोनोग्राम’. तुमच्या ऑफिसात तिसराच ऐकू येईल. ‘रोजवर्ख’मधल्या ‘वर्ख’चा अर्थ फेक. प्रस्तावाला म्हणतात ‘नावर्ख’, त्यातही तीच फेक आहे. आपण प्रस्ताव मांडतो, चेक लोक तो फेकतात. जर्मनांच्या ‘एंटवुर्फ’मध्येही फेकणंच आहे आणि लॅटिनमधून आलेल्या ‘प्रोजेक्ट’मध्येही. युरोपात कल्पना टेबलावर अलगद ठेवायची पद्धत नसावी.

आता बेत. हा तुम्हाला रोज लागणार. ‘प्रागला जायचा बेत आहे’ याला इंग्रजीवरून जाणारा माणूस ‘प्लानुयु’ असं काहीतरी म्हणतो. ते चूक नाही, पण ‘मी प्रागला जाण्याचे नियोजन करीत आहे’ असं मित्राला सांगण्यासारखं वाटतं. घरगुती बोलण्यात म्हणतात ‘खिस्ताम से दो प्राही’. ‘खिस्तत’ म्हणजे तयारी करणं. शेवटी ‘से’ लागला की स्वतःची तयारी करणं, निघायच्या बेतात असणं. आपल्या ‘बेता’त जेवणाचा बेतही येतो, तसं ‘खिस्तत’ हे क्रियापद स्वयंपाकाच्या तयारीलाही चालतं. रात्रीचं जेवण ‘खिस्तत’ करणारी शेजारीण आणि प्रागला जायला ‘खिस्तत से’ करणारा तिचा मुलगा एकाच घरात सापडतात. उलट टोकाला ‘होद्लत’ आहे. कागदी, सरकारी शब्द, लग्नपत्रिकेतल्या ‘करण्याचे योजिले आहे’च्या वजनाचा. वाचताना ओळखू आला म्हणजे झालं, बोलायची वेळ येणार नाही.

‘प्लानोवत’ आणि ‘नप्लानोवत’ अशी जोडी दिसेल, तिथे व्याकरणाचं पुस्तक घाबरवतं. मराठी माणसानं घाबरायचं कारण नाही. ‘सहलीचं ठरवतोय’ आणि ‘सहलीचं ठरवून टाकलं’ यांत जो फरक, जवळपास तोच. काम चालू आहे तोवर ‘प्लानोवत’, आखून मोकळे झालात की ‘नप्लानोवत’. आपण ‘टाकणे’, ‘ठेवणे’ मागे जोडतो, ते ‘न’ पुढे जोडतात. एकच खाचखळगा : ‘नप्लानुयु’ हा दिसायला वर्तमानकाळ असला तरी अर्थ भविष्याचा, ‘मी आखून टाकेन’. माझ्या वरिष्ठ बाईंना मी एकदा ‘आखते आहे’ म्हणायच्या ऐवजी हे म्हणाले, आणि त्यांनी शांतपणे विचारलं, कधी?

डेडलाइन. ऑफिसातली तरुण मंडळी सरळ ‘डेडलाइन’च म्हणतात, आपल्यासारखीच. पण चेकचे स्वतःचे दोन शब्द आहेत आणि त्यांतला फरक आपल्या ‘तारीख’ आणि ‘मुदत’ यांच्यासारखा आहे. नेमका दिवस म्हणजे ‘तेर्मीन’, मग तो काम देण्याचा असो, परीक्षेचा असो की सुनावणीचा. तीस दिवसांच्या आत अर्ज करा, यातली मुदत म्हणजे ‘ल्हूता’. सरकारी पत्रात ‘ल्हूता’ दिसली की ती कधीपासून मोजायची ते आधी बघा.

या ‘ल्हूता’वर मी जरा रेंगाळणार आहे. चेक नकाशावर ‘ल्होता’ नावाची गावं शेकड्यांनी आहेत. रेल्वेतून जाताना मला वाटायचं, हे आपल्या ‘वाडी’सारखं काहीतरी असेल. मध्ययुगात जंगल तोडून नवी वस्ती करणाऱ्यांना जमीनदार ठरावीक वर्षं देणी माफ करायचा. त्या सवलतीचं नाव ल्होता, आणि त्यावरून गावाचंही. मूळ धातू ‘हलकं’ या अर्थाचा, ज्याचं आजचं चेक रूप ‘लेख्की’ आणि आपल्याकडचा सगा ‘लघु’. म्हणजे आज छातीवर बसणारी ‘ल्हूता’ जन्मतः ओझं हलकं करणारी होती. मराठेशाहीत ओसाड गाव वसवायला कौल द्यायचे, पहिली काही वर्षं सारा हलका ठेवायचे आणि मग वर्षागणिक चढवायचे, त्याला इस्तावा म्हणत. आपल्याकडे इस्तावा दप्तरात राहिला, त्यांच्याकडे गावांच्या पाट्यांवर चढला.

अपॉइंटमेंटचे दोन भाग करा. माणसाला भेटायचं ठरलं असेल तर ‘स्खूस्का’. (मंडळाची, सोसायटीची बैठक असेल तर ‘स्खूजे’, ती लांबते.) डॉक्टर, न्हावी, सरकारी खिडकी यांच्यासाठी मात्र ‘ओब्येद्नत से’. ‘ओब्येद्नत’ म्हणजे मागवणं, जसा आपण पिझ्झा मागवतो. ‘से’ लागला की स्वतःलाच मागवणं! ऐकायला विचित्र, पण आपण डॉक्टरकडे ‘नंबर लावतो’ तेव्हा काही कमी विचित्र बोलत नाही. दवाखान्यात पहिला प्रश्न हाच येईल : ‘यस्ते ओब्येद्ननी?’ नंबर लावलाय का?

आणि नंबर लावलात तरी घड्याळ गोत्यात आणतं. मला दंतवैद्याकडे ‘पूल ओस्मे’ची वेळ मिळाली होती. ‘पूल’ म्हणजे अर्धा, ‘ओसम’ म्हणजे आठ. डोक्यात ब्रिटिश ‘हाफ एट’ वाजलं आणि मी साडेआठला ऐटीत हजर झाले. वेळ साडेसातची होती. ‘पूल ओस्मे’ म्हणजे आठव्या तासाचा अर्धा : सात तास पुरे झाले, आठवा चालू आहे, त्यातला अर्धा सरला. तसंच ‘च्त्वर्त ना ओसम’ म्हणजे आठाकडे पाव, सव्वासात.

‘साडे’ या शब्दात बेरीज आहे, सात आणि वर अर्धा. तरी चेक पद्धत आपल्याला परकी नाही. ‘अडीच’ आला संस्कृतातल्या ‘अर्धतृतीय’वरून, म्हणजे ज्यातला तिसरा अर्धाच आहे ते. चेकमध्ये अडीच वाजले हे सांगायला ‘पूल त्र्शेत्यी’ म्हणतात, तिसऱ्याचा अर्धा. रचना तीच! पुस्तकी चेकमध्ये दीड वर्षालाही ‘पूलद्रुहेहो रोकू’ म्हणतात, दुसऱ्याचा अर्धा. दंतवैद्याच्या पायरीवर हे सुचलं असतं तर फेरी वाचली असती. तेव्हा आकडा मराठीत बदलायचाच असेल तर अडीचच्या चालीवर बदला, साडेच्या नव्हे.

दिवसांचंही थोडं. ‘पंधरा दिवसांनी भेटू’ याला चेकमध्ये ‘जा च्तर्नात्स्त दन्यी’, चौदा दिवसांनी. इंग्रजी फोर्टनाइटमध्येही चौदाच, पण रात्री. आपण दोन्हीकडची टोकं मोजून पंधरा करतो, जसे सातच दिवसांना आठवडा म्हणतो. चेकचा आठवडा ‘तीदेन’, म्हणजे ‘तोच दिवस’, फिरून आलेला तोच वार. मला हा शब्द सगळ्यांत आवडतो.

राहिला प्लॅनर. स्टेशनरीच्या दुकानात ‘दियार्श’ मागा, तारखा छापलेली वही मिळेल. ‘देन्यीक’ मागितलंत तर कोरी रोजनिशी हातात पडेल, आणि तोच शब्द पेपरच्या टपरीवर उच्चारलात तर दैनिक.