डिक्सन्स पिनॅकलला जाण्याआधी

मालवणला एकदा ट्राय डाइव्ह केलीय, ओपन वॉटर हा स्कूबाचा पहिला कोर्स नुकता झालाय, फेब्रुवारीत अंदमानातल्या हॅवलॉकला जायचंय, तर तिथल्या समुद्राखालच्या सुळक्यांवरची डिक्सन्स पिनॅकल ही डाइव्ह करावी का, असं तुम्ही विचारलंय. जरूर करा. पण पहिल्याच दिवशी नको, आणि पुढचा ॲडव्हान्स्ड कोर्स न करता तर नकोच. ओपन वॉटरची मर्यादा 18 मीटर. डिक्सन्सच्या तीन सुळक्यांचे माथेच साधारण तेवढ्या खोलीवर आहेत आणि तिथून ते 30 च्या पुढे उतरतात. नुसतं माथ्यावर घिरट्या घालून परत यायचं तर एवढ्या लांब कशाला जायचं? कोर्स तिथेच करता येतो, त्यासाठी दोन दिवस राखून ठेवा.

मालवणशी तुलना मनातून काढून टाका. तिथे इन्स्ट्रक्टर तुम्हाला धरून असतो आणि तळ दिसत असतो. इथे दोरीने उतरताना आधी चहूकडे नुसतं निळं पाणी, मग खालून काळपट सुळका वर येऊ लागतो. 30 मीटरवर दाब वरच्यापेक्षा चौपट, म्हणून हवाही चौपट वेगाने संपते.

पहिल्या वेळी मी नेमका करंटच्या, म्हणजे पाण्याच्या प्रवाहाच्या, विरुद्ध फिन्स (पायातले पंखे) मारत राहिलो. विसाव्या मिनिटाला टाकीतल्या हवेचा दाब दाखवणारं गेज 200 बारवरून 70 वर! डाइव्ह मास्टरने मनगट धरून मला सुळक्याच्या आडोशाला ओढलं. तिथे पाणी जवळजवळ थांबलेलं होतं. पण तोवर माझी वर जायची वेळ झाली होती. तेव्हापासून मी उतरल्यावर आधी मासे कुठे तोंड करून आहेत ते बघतो. करंट जिकडून येतो तिकडेच त्यांची तोंडं असतात.

आणि मजा त्याच बाजूला असते. वाहतं पाणी सुळक्यावर आदळतं, त्यातलं प्लवक (तरंगणारे सूक्ष्म जीव) टिपायला मऊ प्रवाळ फुलून बसलेले असतात. वर फ्युजिलियर्स माशांचे थवे, त्यांच्यावर टपलेले शिकारी ट्रेव्हली मासे. पाच मिनिटं तिथे थांबा, मग आडोशाला या. आडोशाच्या बाजूलाच मला एकदा हातभर लांबीचा गोब्रा दिसला, तोंड वासून स्थिर. बोटाएवढा निळ्या पट्ट्याचा क्लीनर रास (इतर माशांची साफसफाई करणारा मासा) त्याच्या तोंडात शिरला आणि कल्ल्याकडून बाहेर आला. असं तीनदा झालं. मग गोब्र्याचं अंग एकदा थरथरलं, रास झटकन बाहेर पडला, आणि मगच गोब्र्याने तोंड मिटलं. मी तीन हातांवर होतो, जवळ गेलो असतो तर दोघंही निघून गेले असते.

खडकाला हात लावू नका. स्कॉर्पियनफिश हुबेहूब शेवाळलेल्या दगडासारखा दिसतो आणि त्याच्या काट्यांत विष असतं. घरट्याची राखण करणारा टायटन ट्रिगरफिश अंगावर आला तर वर पळू नका, आडवं पोहत लांब जा. त्याची हद्द घरट्यापासून वर वर रुंद होत जाते.

तारखा ठरवताना कॅलेंडरवर तिथी बघा. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात करंट जोरात असतो, अष्टमी-नवमीच्या आसपास भांग, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी, असतो तेव्हा पाणी मवाळ. कोकणातले मच्छीमार जाळं टाकताना हाच हिशेब करतात. तुमची पहिली खेप भांगातच येऊ द्या.

100 बारला वर निघा. पाच मीटरवरच्या तीन मिनिटांच्या सेफ्टी स्टॉपला (वर येतानाच्या थांब्याला) इथे शेजारी रीफ, म्हणजे प्रवाळाचा खडक, नसतं, उघड्या पाण्यात तरंगत राहायचं असतं, म्हणून बॉयन्सीचा (पाण्यात एका खोलीवर स्थिर राहण्याचा) सराव आधी उथळ रीफवर पक्का करून घ्या. शेवटची डाइव्ह आणि विमान यांत किमान 18 तास हवेत, त्यामुळे श्री विजयपुरमची, म्हणजे जुन्या पोर्ट ब्लेअरची, परतीची फेरी त्या हिशेबाने काढा. तुमच्या नक्की तारखा सांगा, तिथी बघून डिक्सन्सला कोणता दिवस ठेवायचा ते कळवतो.